याकोबची हजेरी

चार रिटायर्ड माणसं टीव्हीसमोर बसली की किश्श्यांना तोटा नसतो. आमच्या श्रीरामपुरातल्या बहुतेक किश्श्यांत येडा मीच ठरतो, म्हणून सांगायचा हक्कही माझाच.

रोज दुपारी चारला आमच्या घरी एक परदेशी मालिका लागायची. हिटलरच्या छळछावणीतून वाचलेल्या ज्यू लोकांची. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, मी मराठीत सांगायचो. ऐकायला सरकारी दवाखान्यातल्या साळवे सिस्टर, साखर कारखान्यातले बापू आणि माझी बायको.

*

मास्तरकी काही अंगातून जात नाही. हजेरी घेतल्याशिवाय मी टीव्ही लावायचो नाही. एकदा बापूंना उशीर झाला, तर सिस्टरच त्यांच्या वतीनं 'हजर' म्हणाल्या. मी डाफरलो, "दुसऱ्याची हजेरी द्यायची नाही."

बायको म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात, हे शाळेनं तुम्हाला कळवलं नाही का?"

*

पहिला भाग बघून बापू म्हणाले, "सर, एवढं समदं झालं हुतं, तर आमच्या पोराला इतिहासात काय शिकवलं तुमी?"

खरं सांगितलं. फळ्यावर दोन ओळी. परीक्षेला येत नाही म्हणून पान उलटायचो.

"तरीच पास झालं पोरगं," बापू म्हणाले.

*

मालिकेतली म्हातारी हाना छावणीतल्या अधिकाऱ्याला हुडकून कोर्टात खेचते. तरुणपणी ताटातूट झालेला तिचा नवरा याकोब. बापूंचा सगळा जीव त्याच्यात. "ही दोघं भेटली पायजेत, सर. आमची तर आता भेट न्हाई." बापूंची बायको मागच्याच वर्षी गेली.

तिसऱ्या भागात हानाला चिठ्ठी आली, याकोब छावणीतच मेला. मी बापूंच्या तोंडाकडं बघितलं आणि सांगितलं, "त्याला दुसऱ्या छावणीत हलवलंय."

पुढं त्याला जिवंत ठेवता ठेवता माझाच जीव जायची वेळ आली. हाना रडली की म्हणायचो, तिचे गुडघे दुखतायत. सिस्टरना इंग्रजी येतं. पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात येऊन त्या हळूच म्हणाल्या, "सर, गुडघे दुखले की काळे कपडे घालतात का?"

*

शेवटचा भाग. अधिकारी पिंजऱ्यात उभा, आणि हाना कोर्टात मेलेल्यांची नावं वाचत होती. मीही एकेक नाव वाचत गेलो, हजेरीच्याच सुरात. दुसरा सूर मला येत नाही. पुढचं नाव याकोबचं होतं. मी गप्प झालो. माझ्या लबाडीची लाज वाटली, आणि बापूंची भीती.

बापू टीव्हीकडंच बघत होते. "थांबू नका सर. मला तिसऱ्या भागापासनं ठाव हाय. घ्या त्याचं नाव."

मी नाव घेतलं. "याकोब."

बापू खुर्चीचा हात धरून कसेबसे उभे राहिले आणि म्हणाले, "हजर."