कुसुमताई आणि पांढऱ्या शर्टाचा नियम

कुसुमताईंच्या हातात कुठलीही कापडी वस्तू आली की त्या आधी ती उलटी करून बघत. आमच्या कुळगावच्या विहारात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा वंदना झाल्यावर सगळे मूर्तीमागच्या नव्या पडद्याचं लांबून कौतुक करत होते. या बाई सरळ पुढे गेल्या, पडद्याचं टोक उलटं केलं आणि म्हणाल्या, "वरून झकास हाय, साईं. आतून दोरे सुटलेत." पडदा मी निवडून आणला होता. तिथूनच आमचं बिनसलं. म्हणजे माझं बिनसलं, त्यांना पत्ताही नव्हता.

उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं चेकिंगचं काम केलं होतं. 'साईं' हा शब्द तिथूनच त्यांच्या तोंडी बसलेला. मुलाने बदलापुरात फ्लॅट घेतला म्हणून त्या इकडे आल्या. मी एका कंपनीत टाइमकीपर. दर रविवारी सकाळी विहारात मुलांचा धम्मवर्ग घ्यायचो, तेरा वर्षं, एकही खाडा न करता. नऊला दार बंद, पांढऱ्या कपड्यांशिवाय आत प्रवेश नाही, आणि त्रिशरण-पंचशील असं तोंडपाठ की बुद्धपौर्णिमेला आलेले भन्ते माझ्याकडे बघून मान डोलवायचे. तेवढ्यावर मी वर्षभर खूश असायचो.

ताईंनी माझ्या वर्गाला हात लावला नाही. त्या बाहेर ओट्यावर बसल्या आणि मुलांना सोडून भाजी आणायला पळणाऱ्या आयांना त्यांनी थांबवलं. "पोरगं आत शील शिकतंय, आणि घरी तुम्ही त्यालाच सांगता, दारात कुणी आलं तर पप्पा नाहीत म्हण. मग सरांनी करायचं काय?" आया हसायच्या, आणि बसायच्या. "काय पाठ केलं ते विचारू नका," ताई सांगत. "जेवताना एवढंच विचारा, आज कुणाचं काय न विचारता घेतलंस? आणि आधी तुमचं तुम्ही सांगा."

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या कॉलेजच्या दोन मुलीही वर्ग सुटल्यावर ओट्यावर रेंगाळू लागल्या. त्यातली एक मला म्हणाली, "सर, ताई बोलतात, पाठ झालं की उलटं करून बघायचं. पोरगं कधी खोटं बोललं, का बोललं, ते त्यालाच सांगू द्यायचं."

"जीन्स नाहीये ती, पंचशील आहे," मी म्हणालो.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते माझ्या बायकोचं. तेरा वर्षांत तिने माझ्या वर्गात कधी डोकावून बघितलं नव्हतं, आणि आता दर रविवारी ओट्यावर! एकदा जेवताना तिने शांतपणे विचारलं, "आज कुणावर जळलात?" मी "कुणावर नाही" म्हणालो आणि आमटी मागितली.

हेवा वाटत होता, उघड सांगतो. मी बाईंच्या चुका शोधायला लागलो. त्या पाली म्हणताना अडखळत, म्हणून एकदा सगळ्यांसमोर मी त्यांना टोकलं. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "शाळा चौथीतच सुटली माझी." पुढच्या रविवारी पोरांच्या पहिल्या रांगेत मांडी घालून हजर. पांढऱ्या साडीत, नऊच्या आधी. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मग निघाला शर्टाचा विषय. खरवईकडच्या चाळींतली सात-आठ मुलं वर्गातून गळाली होती. माझ्या हजेरीच्या वहीत त्यांच्यापुढे लाल फुल्या. आईबापांनाच धम्माची आस्था नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. ताई त्या घरांत जाऊन आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, त्या पोरांकडं पांढरा शर्ट एकच हाय, शाळेचा. तो रविवारी सकाळी धुवायला पडतो. पोरं दोरीवरच्या ओल्या शर्टाकडं बघत घरी बसतात. रंगीत चालू द्या ना."

तेरा वर्षं हजेरी घेत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. बाईंना ते दोन महिन्यांत कळलं, याचाच मला राग आला. "विहाराची शिस्त आहे," मी म्हणालो. "मी असेपर्यंत बदलणार नाही."

"बरं, साईं," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी ती मुलं दारात उभी. लाल शर्ट, निळे फ्रॉक, एकाचा तर क्रिकेटचा टी-शर्ट. मागे आईबाप, मला हात जोडून. त्यांच्यादेखत पोरांना परत पाठवणं मला जमलं नाही. ताईंनी मला डावलून स्वतःच परवानगी देऊन टाकली, अशी माझी खात्री झाली आणि मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. दीड वर्ष. त्या दर रविवारी "जयभीम, सर" म्हणत. मी नुसती मान हलवून पुढे जाई.

मग एके दिवशी, ध्यानीमनी नसताना, ताई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या सभेला विहार भरून ओटाही भरला. खरवईच्या एका मुलीचे वडील, वॉचमनची नोकरी करणारे, माझे हात धरून म्हणाले, "सर, त्या टायमाला तुम्ही ताईंना आमच्या घरी पाठवलं नसतं, तर माझी पोरगी परत आलीच नसती."

"मी पाठवलं?"

"ताईच बोलल्या ना, 'सरांनी सांगितलंय, रंगीत कपडे चालतील, पोरांना पाठवा. सरांना तोंडावर बोलायला जमत नाही, म्हणून मला पाठवलं.'"

इतके दिवस शोधत होतो ती चूक अखेर सापडली. बाईंनी चौथं शील मोडलं होतं. धडधडीत खोटं बोलल्या होत्या, आणि तेही लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून. दीड वर्ष लोक मला हात जोडत होते ते माझ्या पालीसाठी, असं मी समजत होतो.

आदरांजलीसाठी माझं नाव पुकारलं. लिहून आणलेला कागद मी खिशातच ठेवला. "ती परवानगी मी दिली नव्हती," मी माइकवर सांगितलं. "मी नाही म्हणालो होतो. मुलं परत आली ती फक्त ताईंमुळे. मी त्यांच्यावर जळत होतो." बायको माझ्याकडे एकटक बघत होती.

खाली येऊन बसलो, तर मागे त्या मुलीची आई डोळे पुसत शेजारणीला सांगत होती, "बघ, ताई बोललेल्याच. सर मोठेपणा कधी घ्यायचे नाहीत."