लखमी आजीचं हाड

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तलासरीकडच्या झरी गावातल्या आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी — आणि तो अभिमान मी कधी लपवला नाही. लपवलं ते वेगळंच.

२०१७ साली मी एका संशोधनाच्या कामावर होतो. मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालं की डॉक्टर हाडाचा जो तुकडा टाकून देतात, त्यातून आमच्या मॅडम मुंबईच्या प्रयोगशाळेत हाडाच्या पेशी वाढवायच्या. शरीर या पेशींना निरोप धाडत असतं — वाढा, हाड भरून काढा. सूज फार दिवस राहिली तर पेशी तो निरोप ऐकतात का, हे मॅडमना बघायचं होतं. किती सुंदर प्रश्न! माझं काम साधं. डहाणूच्या एका दवाखान्यात पेशंटला आपल्या बोलीत समजवायचं, संमती घ्यायची, फॉर्म भरायचा. अट एकच, पण कडक — सूज उतरवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने खाणाऱ्याचं हाड घ्यायचं नाही. त्या पेशी आधीच बदललेल्या असू शकतात.

आमच्याच भागातल्या वेवजी गावची लखमी आजी अंगणात घसरून पडली आणि खुबा मोडून दवाखान्यात आली होती. गोळ्यांचं विचारलं, तर तिने सुनेला घरी पिटाळलं. सून काय घेऊन आली असेल? रिकाम्या पाकिटांची माळ! आजीला अक्षर येत नव्हतं. म्हणून संपलेलं एकूणएक पाकीट तिने दोऱ्यात ओवून ठेवलं होतं. गुडघ्यांसाठी वर्षभर खाल्लेल्या गोळ्या — सगळ्या डोळ्यांसमोर. इतकी चोख नोंद मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती.

"मोज, सायबा," ती म्हणाली. "शिकलास ना? आन् खरं लिव्ह. माझ्या हाडापायी कोणाचं वाईट नको व्हायला."

मी काय लिहिलं?

गोळ्या घेता का — "नाही."

दोन महिने एकही तुकडा मिळाला नव्हता, आणि मॅडमसमोर रिकाम्या हाताने उभं राहायचा मला कमीपणा वाटत होता. एवढंच.

आजीच्या पेशी इतरांसारख्या वागेनात. मॅडम पुन्हा पुन्हा प्रयोग करत राहिल्या — दोष स्वतःच्याच हातात शोधत. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. शेवटी बैठकीत कोणीतरी म्हणालं, "पेशंटनेच गोळ्या लपवल्या असणार. ही खेड्यातली माणसं कुठे खरं सांगतात?" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी तिथलाच ना — मला माहीत असणार.

आणि मी — मान हलवली. हो म्हणून.

आमच्या भागातून हाड घेणंच मग बंद झालं.

पुढच्या वर्षी तलासरीच्या बाजारात आजी दिसली. काठी टेकत, पण चालत होती. मला तिनेच आधी ओळखलं.

"काय रं सायबा, माझं हाड कामाला आलं का?"

"आलं, आजी."

ती शेजारच्या भाजीवालीकडे वळली. "आयकलंस? तू कवा गेलीस मुंबईला? माझं हाड गेलंय!" दोघी खळखळून हसल्या. मीही हसलो.

लखमी आजी खरं बोलली होती. खोटं मी लिहिलं.