मानसिंगला बोलवा

मानसिंग इंगळे याला कुठल्याही घरात शिरताना आधी दाराच्या बिजागऱ्या दिसतात, मग माणसं. बारा वर्षं जिल्ह्याच्या शीघ्र कृती दलात काढल्यावर दुसरं काय दिसणार? कुणी हत्यार घेऊन घरात कोंडून घेतलं, की तोंडावर काळा बुरखा चढवून जे आठ जण जातात, त्यांतला दार फोडणारा म्हणजे मानसिंग. दार फोडायला दोन मुठींचा लोखंडी ओंडका असतो. पथकातली पोरं त्याला ‘रेडा’ म्हणत, आणि मानसिंगला रेड्याचा मालक.

आता खरं सांगायचं, तर बारा वर्षांत त्यांनी खरी दारं फोडली ती चारच. बाकीचा वेळ मंत्र्यांच्या मागंपुढं पळण्यात, गणपतीच्या बंदोबस्तात आणि सरावात गेला. सरावासाठी भंगारवाल्याकडून जुनी दारं आणायची, चौकटीत बसवायची आणि फोडायची. मानसिंगनं अशी शेकड्यानं फोडली. दुसरा दणका कधी लागला नाही. नव्या पोरांना तो सांगायचा, "कानात ‘आता’ पडलं की हात हलला पायजे. डोकं मागनं येऊ दे." या वाक्याचा त्याला मोठा अभिमान होता. हल्ली ते कुणी त्याच्यासमोर काढलं, तर तो उठून बाहेर जातो.

मानसिंगला माणसात आणला तो सुभेदार तानाजी फडतरे यांनी. फौजेतून आल्यावर त्यांनी वडूजच्या पलीकडच्या माळावर भरतीची पोरं पळवायला घेतली. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा. मानसिंग फौजेच्या भरतीत छातीच्या अर्ध्या इंचानं नापास झाला आणि गोठ्यात तोंड लपवून बसला. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आबाच गोठ्यात येऊन उभे राहिले.

"म्हशीला सोबत करतोस व्हय रं? ऊठ. पोलिसात छाती कमी लागती."

ही शुद्ध थाप होती. पण मानसिंग उठला, आबांनी त्याला आठ महिने माळावर पळवला, आणि तो पोलिसात लागला. बाप लहानपणीच गेलेला. पहिल्यांदा वर्दी घातली तेव्हा तो आईच्या पाया पडला आणि मग आबांच्या. आबा म्हणाले, "टोपी वाकडी हाय."

पुढं आबांनी शहराच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं. त्या वस्तीचं कागदावरचं नाव वेगळंच आहे, पण रिक्षावाले तिला फौजी कॉलनीच म्हणतात. दर दुसऱ्या फाटकावर कुणाचा तरी हुद्दा लिहिलेला. आबांचा मुलगा फौजेत, आसामकडं. घरात आबा आणि सून दीपमाला. मानसिंगची पोलीस लाईन तिथून जवळ, त्यामुळं तो दर रविवारी यायचा. पुढचं दार आणि बैठकीतला सोफा पाहुण्यांसाठी. मानसिंग परसदारानं थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि पाटावर बसून चहा घ्यायचा.

मग विधानसभेची आचारसंहिता लागली, आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. हे दर निवडणुकीला होतं. आबांकडं बारा बोअरची एक होती. दर वेळी ते ती पुसून, तेल लावून, पलटणीची टोपी घालून स्वतः ठाण्यात नेऊन द्यायचे. समोरच्यानं उभं राहून दोन्ही हातांनी ती घ्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा. त्या वेळी मात्र आबा तापानं आठ दिवस अंथरुणात होते आणि मुदत टळली. ठाण्यातून एक नवखा शिपाई मोटारसायकलवर आला. खाली उतरायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत. फाटकातूनच ओरडला, "ए म्हाताऱ्या, बंदूक आण हिकडं!"

फौजी कॉलनीत, सुभेदाराला, त्याच्याच फाटकात! आबा शांतपणे आत गेले, बंदूक घेऊन आले आणि आभाळात एक बार काढला. शिपाई गाडी तिथंच टाकून पळाला. एवढ्यावर भागलं असतं तर कॉलनीला वर्षभर हसायला विषय झाला असता. पण आबांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि खिडकीतून सांगितलं, जवळ येईल त्याला घालीन. सून त्या दिवशी उंब्रजला माहेरी गेलेली. घरात म्हातारा एकटा. अकराच्या सुमाराला पथकाची गाडी निघाली.

पथकाची एक रीत होती. गाडीतच साहेब सांगायचे की आत कोण आहे, आणि मग विचारायचे, "कुणाच्या नात्याचा, गावचा, ओळखीचा आहे का? असेल त्यानं हात वर करा." हात वर करणाऱ्यानं बुरखा काढून गाडीत बसायचं. आपल्या भागात दोन तालुके ओलांडले तरी कुठं ना कुठं सोयरीक निघतेच, तेव्हा साहेबांचा प्रश्न काही वेडेपणाचा नव्हता. ओळखीच्या माणसाचा हात एक तर अडतो, नाही तर नको तिथं धावतो.

साहेबांनी नाव वाचलं. "तानाजी फडतरे. निवृत्त सुभेदार. कुणाच्या ओळखीचा?"

मानसिंगचा हात गुडघ्यावरच राहिला. शेजारी अफताब मुल्ला बसला होता, बारा वर्षांचा जोडीदार. त्याला रविवारचं सगळं ठाऊक होतं. त्यानं कोपरानं ढोसलं. मानसिंगनं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

का नाही बोलला? लबाडी म्हणावी तर तसंही नाही. आपण गाडीत बसलो तर रेडा दुसऱ्याच्या हातात जाणार, आत शिरणारे आबांना लोळवणार, गुडघा पाठीत घालणार. आपण पुढं असलो तर म्हाताऱ्याला अलगद धरू. असा हिशेब त्यानं तीन सेकंदांत केला. आपल्यावाचून कुणाला नीट जमणार नाही, ही घमेंड त्यात होतीच. चांगल्या कारागिरांना ती असते, आणि तिनंच त्याचा घात केला.

चार जण पुढं राहिले, चार मागं गेले. मानसिंग रेडा घेऊन परसदाराशी उभा राहिला. हे दार त्यानं हजार वेळा नुसतं ढकलून उघडलं होतं. पुढच्या बाजूनं ठाण्याचे अधिकारी भोंग्यावरून आबांना समजावत होते. मग आतून आबांचा आवाज आला, तापानं बसलेला, पण कडक.

"मानसिंगला बोलवा! मानसिंग इंगळे. पोलिसातच हाय. त्येच्या हातात देतो. दुसऱ्या कुनाच्या न्हाई."

भिंतीच्या अलीकडं मानसिंग सगळं ऐकत होता. बुरखा वर करून ‘आबा, मी हितं हाय’ एवढंच म्हणायचं होतं. पाचवा शब्दही लागला नसता, आबांनी कडी काढली असती. अफताब दबक्या आवाजात म्हणाला, "बोल की गड्या! सांग सायबास्नी." पण आता सांगायचं म्हणजे गाडीत लपवलं हेही सांगायला लागणार. सगळ्या पथकापुढं. लाज वाटली. किती वेळ? मिनिटभर असेल. मानसिंग मूग गिळून उभा राहिला, आणि त्या मिनिटाला भोंग्यावरच्या अधिकाऱ्यानं आपलं काम केलं. कोण मानसिंग, कुठला, हे त्याला ठाऊक नव्हतं. वेळ काढायला काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "निघालाय मानसिंग! येतोय, आबा. पोचतोच आहे."

आबांनी विश्वास ठेवला. ते खिडकीपासून हलले. पुढच्या चौघांना ते दिसेनासे झाले, आणि हत्यारी माणूस नजरेआड गेला की थांबायचं नाही, हा नियम. साहेब कानातल्या यंत्रात म्हणाले, "तयार राहा."

दाराच्या आत चपलांचा आवाज आला. फरशीवर घासत, सावकाश. मानसिंगनं तो ओळखला. आबा परसदाराकडं येत होते. मानसिंग कधी पुढच्या दारानं आला होता? तो येणार म्हणजे इथूनच येणार. आवाज दाराशी थांबला. वरची कडी जरा घट्टच होती. ती कुरकुरली, सरकायला लागली.

"आता!"

हात हलला. डोकं मागून आलं.

दार एका दणक्यात चौकटीसकट आत गेलं आणि आबा त्याच्याखाली. खुब्याचं हाड मोडलं. बंदूक बैठकीतल्या पलंगावर होती, नळी खाली मोडून रिकामी ठेवलेली. शेजारी दोन काडतुसं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत परवान्याचं पुस्तक. डोक्यावरची पलटणीची टोपी घरंगळत मोरीपाशी गेली होती. मानसिंगनं दार उचललं, आबांना मांडीवर घेतलं. बुरख्यातल्या माणसाकडं बघून आबा म्हणाले, "मानसिंग आला न्हाई का आजून?"

अफताबच म्हणाला, "येतोय, आबा."

संध्याकाळी अहवाल लिहिला गेला. परसदारी आतून कसलाही आवाज आला नाही, असं त्यात आहे. खाली मानसिंगची सही आहे. अफताबचीही आहे, त्यानं ती जोडीदारासाठी केली, आणि पुढं बरेच दिवस तो मानसिंगशी नीट बोलला नाही.

आबा अंथरुणाला खिळले. मळलेली टोपी धुऊन उशाशी ठेवलेली. मानसिंगनं पथकातून बदली मागून घेतली, आता तो कोर्टात कैद्यांबरोबर जातो. रविवार त्यानं चुकवला नाही. परसदाराला नवं लोखंडी दार बसलं, त्यातून तो आत यायचा आणि आबांच्या पायाशी बसायचा. दीपमालानं एकदा विचारलं, "भावजी, त्या दिवशी तुमी कुठं व्हता? मामंजी सारखं तुमचंच नाव घेत व्हते म्हणं." तो म्हणाला, "बंदोबस्ताला व्हतो, वहिनी." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आबा सांगायचे, "ह्यो पोरगा असता तर दार फुटलं नसतं. लांब पाठवला व्हता त्येला, न्हाईतर बिशाद व्हती का कुनाची?" आणि मानसिंग तिथंच बसून ते ऐकायचा. पाच महिने त्यानं ऐकलं. आबांनी केलेलं कौतुक त्याच्या अंगाला चटके देत होतं.

चैत्रातल्या एका रविवारी मेढ्याहून आबांचे एक जुने सोबती आले. आबांनी पुन्हा तेच सुरू केलं. पाहुणे उठून गेल्यावर मानसिंग म्हणाला, "आबा, ते दार म्या फोडलं."

आबा पंख्याकडं बघत राहिले. "तू व्हतास?"

"परसदारी. तुमी माझं नाव घेत व्हता, ते समदं ऐकत व्हतो."

"मग बोलला का न्हाईस?"

"आधी सायबांनी इचारलं तवा गप बसलो. मागनं बोलायची लाज वाटली."

"हुकूम आला व्हता?"

"व्हय."

आबांनी मान हलवली. तीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला हुकमाचं काही समजावून सांगायला नको. मानसिंगला वाटलं, सुटलो. पण आबांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"हुकमाचं सोड. म्या कडी काढत व्हतो. त्येचा आवाज आला व्हता का तुला?"

इथं खोटं बोलता आलं असतं. अहवालात लिहिलेलंच होतं. म्हाताऱ्याचंही समाधान झालं असतं. कदाचित तेच ऐकायला तो थांबला होता.

"आला व्हता," मानसिंग म्हणाला.

मग आबांनी सुनेला हाक मारली. "दीपमाला, हवालदारसायबांस्नी च्या दे. भाईरच्या खोलीत दे. ड्यूटीचं मानूस हाय, खोळंबा नको."

मानसिंग अजूनही जातो. आता पुढच्या दाराची घंटा वाजवतो. आबा आता काठीच्या आधारानं बैठकीपर्यंत येतात; त्याला ‘या हवालदार’ म्हणतात, बायकापोरांची चौकशी करतात, पावसापाण्याचं बोलतात. कपबशीतून चहा येतो. सगळं अगदी रीतसर. या माणसानं त्याला माळावर आयामायांवरून शिव्या घातल्या होत्या, धाप लागून पडला तर कमरेत लाथ घातली होती, आणि मानसिंगला आयुष्यात त्याहून प्रेमाचं काही मिळालं नव्हतं. एक शिवी, एकच, यावी म्हणून तो जीव टांगून बसलेला असतो.

गेल्या रविवारी त्यानं एक वेडेपणा केला. बूट घालून घरात आलेल्या पोराच्या पाठीत आबा पायताण घालायचे, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मानसिंग चिखलाच्या बुटांनी तसाच बैठकीत गेला आणि धुतलेल्या फरशीवर उभा राहिला. आबांनी त्या बुटांकडं पाहिलं. त्यांचा हात काठीवर घट्ट झाला. मानसिंगनं पाठ जरा वाकवली.

"आसू द्या, आसू द्या," आबा म्हणाले. "बसा."