भिंतीपलीकडचा रेडिओ

समोरच्या खोलीत टीव्ही चालू आहे आणि माणूस कुणी नाही. शिक्रापुरात हे रोजचंच. कंपनीची बस आली की भाडेकरू आहेत तसे धावतात. बंद करायला माझा हात पुढे होतो आणि तसाच मागे येतो. मग संध्याकाळभर जीव कुठे ठरत नाही.

लग्न होऊन दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा हा हात थांबत नसे. वाहता नळ, रिकाम्या खोलीतला पंखा, दिसला की बंद. शेजारी इंजिन ड्रायव्हर काका आणि मावशी राहत, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या वेळात ते कुठल्याही बटणाला हात लावत नसत, दुसऱ्याला लाव म्हणतही नसत. मावशींचा धाकटा भाऊ इस्रायलला गेलेला. त्याचं पत्र आलं, की या शुक्रवारी इथल्या रेडिओवर शब्बाथच्या प्रार्थना लागतील, गाणाऱ्यांत मी आहे. तिथे दिवस आपल्यानंतर मावळतो. कार्यक्रम लागेपर्यंत दौंडला अंधार होणार. म्हणून काकांनी उजेडातच स्टेशन जुळवून रेडिओ चालू सोडला आणि दोघं आत दिव्यांपाशी बसले. भावाचा आवाज मावशींनी सात वर्षांत ऐकला नव्हता.

मी त्यांची वाटी परत करायला गेले. बाहेरच्या खोलीत नुसती खरखर. मी रेडिओ बंद केला.

"झालं," काका आतून म्हणाले. "मेव्हणा तिकडं गाणार आणि आपण इकडं शेजारणीची शिस्त ऐकणार."

"गप बसा हो. तिला काय ठाऊक?" मावशी बाहेर आल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

"लावू परत?"

मावशींना हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणवत नव्हतं.

माझ्या घरात मात्र मी माझ्यासाठी काहीही लावू शकत होते. पळत आले, आमचा रेडिओ मधल्या भिंतीला टेकवला, आवाज पूर्ण वाढवला आणि काटा फिरवत राहिले. बातम्या, शिट्ट्या, अनोळखी भाषा.

"अगं, कान फाडतीस का काय आमचे?" सासूबाई म्हणाल्या. "आन् लावायचंय तरी काय तुला?"

एकदा पुरुषांचं एकत्र गाणं लागलं. क्षणभरच, पुन्हा खरखर. तीच प्रार्थना होती की भलत्याच देशाचं काही, मला आजही सांगता येणार नाही.

रविवारी मावशी स्वतःहून आल्या. "ऐकू आलं गं. शेवटी 'आमेन' लांबवलं ना, तो आमचाच. लहानपणीही असाच लांबवायचा."

मला तर 'आमेन' कुठेच ऐकू आलं नव्हतं.

खरंच आलं का, हे विचारायचं मी ढकलत राहिले. काकांची बदली झाली, पुढे मावशी गेल्याचं कळलं. आता तशा प्रार्थना फोनवर थेट दिसतात, हव्या तितक्या वेळा ऐकता येतात. एखाद्या शुक्रवारी मी ऐकत बसते, गाणाऱ्यांतला एकेक म्हातारा चेहरा न्याहाळते. मावशींच्या ओळखीचा तो आवाज त्यांत असेलही. मला तो ओळखता येत नाही, आणि ऐकणं सोडवतही नाही.