कांचघरच्या स्टुडिओतली टेप

त्या प्रकरणात ना खून होता, ना दरोडा. तरीही माझ्या थोड्याशा नोकरीतलं तेच एक प्रकरण अजून मला स्वस्थ बसू देत नाही.

जबलपूरच्या एका ठाण्यात मी काही वर्षं उपनिरीक्षक होते. नंतर नोकरी सोडली. का सोडली, ते इथे सांगायची गरज नाही. शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, ठाण्याचा सगळा कारभार हिंदीत आणि मराठी फक्त घरात. त्यामुळे मी कमीच बोलायचे. टीआय साहेब, म्हणजे आमचे ठाणा प्रभारी, मला चिडवायचे, "मैडम, मुलज़िम आपसे डरता नहीं, बोर होकर क़बूल करता है." ते अगदीच खोटं नव्हतं. समोरचा गप्प बसला की माणसाला राहवत नाही, तो काहीतरी बोलून ती जागा भरतो.

एका सकाळी राइट टाउनमध्ये राहणारा एक गृहस्थ तक्रार अर्ज घेऊन आला. त्याचा मोठा भाऊ बरगीला सरकारी नोकरीत होता, नुकताच वारला होता. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईने पेन्शनसाठी स्वतःला पत्नी म्हणवून खोटं शपथपत्र दिलं, असं त्याचं म्हणणं. "लग्न लागलंच नाही, मॅडम. मांडवात मानपानावरून भांडण झालं, वरात परत गेली. नंतर भावाने तिला ठेवून घेतलं." 'ठेवून घेतलं' हे शब्द त्याने सावकाश उच्चारले.

लग्नाची नोंदणी नव्हती. भटजी वारलेले, तिचे आईवडीलही गेलेले. नवऱ्याकडचे नातेवाईक एकमुखाने दिराच्या बाजूने. बाईकडे एकच पुरावा होता आणि तोच तिच्यावर उलटला होता. पंधराएक वर्षांपूर्वीच्या लग्नाची शूटिंग झाली होती. ती टेप तिने शूटिंग करणाऱ्या, कांचघर मोहल्ल्यातल्या स्टुडिओतच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. पेन ड्राइव्हमध्ये हळद होती, वरात होती, सासरे तणतणत बाहेर निघाल्याचं दृश्य होतं. पुढे थोड्या वेळाने चित्र संपत होतं. मंगलाष्टकं नाहीत, सप्तपदी नाही.

"बघा, तिचाच पुरावा," दीर म्हणाला.

बाई कथन, म्हणजे जबाब, द्यायला आली तेव्हा खुर्चीच्या काठावर बसली होती. मी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "सासरे रुसून गेले, ते खरं आहे. पण हे नाही गेले. लग्न लागलं. मी खोटं काहून बोलू? पंधरा वर्षं मंगळसूत्र घालून राहिली मी, आता लोक काय म्हणून बोलवतील मला?"

टीआय साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितला. गुन्हा नोंदवायचा की नाही, ते त्यावर ठरणार होतं. मी पेन ड्राइव्हमधली ती फाइल पुन्हा पुन्हा पाहिली. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला चित्र पुढे सरकेल. शेवटच्या दृश्यात नवरी बोहल्याकडे निघते, बायका कॅमेऱ्यापुढे गर्दी करतात आणि एक मावशी म्हणते, "ए भैया, दाखव ना जरा, मी कशी दिसून राहिली?" कॅमेरा हलतो. संपलं.

वरात परत गेलेल्या मांडवात कोणी असं विचारेल का?

आणि मग आठवलं. लहानपणी आमच्या घरी टेपचा कॅमेरा होता. प्रत्येक वाढदिवसाला आई म्हणायची, "दाखवा बरं." बाबा टेप मागे घेऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवायचे आणि पुन्हा शूटिंग सुरू करताना अंदाजाने थोडी पुढे न्यायचे. मध्ये कोरी पट्टी राहायची. पुढे कधी टीव्हीवर लावली की तिथे पडदा निळा व्हायचा. आम्हाला वाटायचं, संपली टेप.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पंचांना घेऊन कांचघरला गेले. स्टुडिओवाले काका साठीचे. खांद्यावर धरायचा मोठा कॅमेरा अजून कापड घालून जपलेला. आधी मला शंका होती की दिराने त्यांना विकत घेतलं असावं. मी समोर बसून राहिले.

"मैडम, टेप में इतना ही है," ते म्हणाले. मी गप्प. "कंप्यूटर खुद रुक गया था." मी गप्प. मग जरा खाली बघत, "टेप जितनी देर चलती है, उतारने में उतनी ही देर लगती है. कौन बैठा रहे? मैं लगाकर चाय पीने चला गया था."

लबाडी नव्हती, सवय होती. शूटिंग होताना टेपवर वेळेचा आकडाही नोंदला जातो. कोऱ्या पट्टीवर तो तुटतो आणि पुढे पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आकडा तुटला की त्यांचा कॉम्प्युटर टेप संपली असं धरून थांबत असे.

"पुढे चालवून बघू," मी म्हटलं.

काकांनी टेप हातात फिरवली. तिला बुरशी धरली होती. "एक बार और चल जाएगी. दोबारा का भरोसा नहीं. कैमरा चबा गया तो मुझे मत कहना."

त्यांनी कॅमेऱ्याचा आतला भाग पुसला, तार कॉम्प्युटरला जोडली. मावशी येऊन गेली. मग निळा पडदा. निळाच. पंचांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. कॅमेऱ्यातून बारीक करकर येत होती. इथे काही निघालं नाही, तर त्या बाईवर माझ्याच सहीने गुन्हा दाखल होणार होता.

मग चित्र उमटलं. काकांनी लगेच बटण दाबलं आणि कॉम्प्युटर पुन्हा टेप उतरवून घेऊ लागला. पांढऱ्या रेघांमधून मंगलाष्टकं ऐकू आली. नवरा, नवरी आणि मध्ये अंतरपाट. एक टोक भटजींच्या हातात. दुसरं टोक एका कोवळ्या मिशीच्या पोराने धरलं होतं, दोन्ही हातांनी, फार मनापासून.

टेप जप्त केली आणि दीर व बाई दोघांना ठाण्यात बोलावून उतरवलेलं चित्र दाखवलं. दीर पाहत राहिला. मग म्हणाला, "मी... मला आठवत नाही." टीआय साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कपड़ा तो आपने ही पकड़ा है, भाई साहब."

दीर पडद्याकडेच बघत म्हणाला, "बाबा रुसून निघून गेले तेव्हा दादानेच मला थांबवलं होतं. म्हणाला, तू तरी थांब." एवढं बोलून त्याने अर्ज मागे घ्यायची तयारी दाखवली. खोटी तक्रार दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करू का, असं मी बाईला विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं.

जाताना मात्र ती दारात थांबली. "मॅडम, ते मध्ये निळं निळं होतं, तिथं काहीच नाही का?"

"नाही. तेवढा वेळ शूटिंग बंद होती. बायका स्वतःला बघत होत्या."

"तेव्हा हे माझ्याकडे पाहून हसून राहिले होते," ती म्हणाली. "तेवढंच नाही आलं."

त्या प्रकरणाने मला शिकवलं की चित्र थांबलं म्हणजे घटना थांबली असं नसतं. पुढे चालवून बघायचे कष्ट कोणालातरी घ्यावे लागतात. पण पुढे चालवूनही काही जागा निळ्याच राहतात. अहवालात मी सगळं लिहिलं, तिचं ते एक वाक्य सोडून. ते कोणत्या रकान्यात घालायचं, ते मला अजून कळलेलं नाही.