कॉम्प्युटरची बैठक

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नऊ ते साडेनऊ या वेळेत आमच्या नांदेडच्या घरातला फ्रिज, कूलर, तिन्ही पंखे आणि पाण्याची मोटार बंद ठेवण्यात आली. निर्णय उपस्थितांच्या एकमताने झाला होता. घरातल्या कॉम्प्युटरला भरपूर वीज मिळावी, एवढाच उद्देश होता.

झाले होते ते असे. माझी मुलगी केतकी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिच्या वर्गातल्या मुलामुलींचा गेम खेळणारा पाच जणांचा संघ आहे. खेळ गोळीबाराचा. त्यात केतकी कोणाला आणि का मारते हे मला अजून समजलेले नाही. पण नेम चुकत नाही, याला तिच्या आईने दुजोरा दिला आहे. संघातली पाचवी जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी रविवारी सकाळी अकराला निवडीचा सामना होता आणि तो प्रत्येकाने आपापल्या ठिकाणाहून खेळायचा होता. (शहरातल्या गेमिंग कॅफेमधल्या खुर्च्या बाकीच्या उमेदवारांनी आधीच धरून ठेवल्या होत्या.) आमच्या कॉम्प्युटरवर तो खेळ चालत असे, पण अडखळत. केतकीला शत्रू दिसायचा, तोपर्यंत ती मेलेली असायची.

"पप्पा, एकच वस्तू घ्या. ग्राफिक्स कार्ड. चित्र तेच काढतं," ती सोमवारी म्हणाली.

पैसेही एकाच चांगल्या वस्तूपुरते होते. शहाण्या माणसाने विषय तिथेच संपवला असता. पण मी बावीस वर्षे वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. एकाच सूत्राच्या माहितीवर मी बातमी सोडत नाही (नळाला पाणी आल्याचीसुद्धा). शिवाय आमच्या घराण्यात ट्रॅक्टर, बोअर, सून आणि जावई यांपैकी काहीही बैठकीशिवाय आलेले नाही. मी शिरूर अनंतपाळला थोरल्या भावाला फोन केला. मंगळवारी दुपारी आप्पा दोन बस बदलून हजर झाले.

सतरंजी अंथरून कॉम्प्युटर मध्ये ठेवण्यात आला. त्याच्या एका बाजूचे झाकण काढले. आप्पांनी बराच वेळ आत पाहिले.

"आधी लाइटीचं बघा," ते म्हणाले. "म्या पाच एचपीची मोटार बसवली आन केबल जुनीच ठिवली. काय झालं?"

"मोटार जळाली," मी सांगितले. मी त्या घटनेचा साक्षीदार आहे.

"मग. ह्याला लाइट देणारा डबा कोणता?"

केतकीने पॉवर सप्लाय दाखवला.

"पयला हाच बदला."

माझी पत्नी सुरेखा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अहो, हे चालू होईपर्यंत माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. आधी लवकर उघडायचं काहीतरी बसवा." त्यासाठी नव्या पद्धतीची डिस्क लागते, अशी माहिती केतकीने दिली.

मी रॅमच्या बाजूने बोललो. आमच्या ऑफिसात रॅम वाढवल्यापासून पाने लवकर लागतात, हा माझा पुरावा होता.

"पप्पा, पान लावणं आणि गेम खेळणं सारखं नाही."

"नोंद घेतली," मी म्हणालो.

"अहो पण खेळणार मी आहे ना?"

"लग्नातबी नांदती नवरीच," आप्पा म्हणाले. "म्हणून बैठकीत तिला बोलू देतो व्हय?"

"आप्पा, तिथंच तर चुकतंय सगळं," सुरेखा म्हणाली. हे विधान इतिवृत्तात घेऊ नये, असे ठरले.

तासाभराने आप्पांनी निर्णय दिला. "कुणाचं मन मोडायचं न्हाई. हाय तेवढे पैसे चारीत वाटा. समद्याचं थोडं थोडं." मी तो लिहून काढला आणि सह्या घेतल्या. केतकीने सही केली आणि खाली 'निषेधासह' असे लिहिले.

गुरुवारी दुकानदाराने यादी वाचली.

"साहेब, ह्या पैशात एक चांगली वस्तू येते."

"चार द्या."

"चार बी येतील," तो म्हणाला आणि त्याने केतकीकडे पाहिले. केतकीने फरशीकडे पाहिले.

ग्राफिक्स कार्ड कुणीतरी वापरून परत दिलेले होते. त्याच्या दोन पंख्यांपैकी एक फिरत असे. पॉवर सप्लायवर मोठा आकडा छापलेला होता. आप्पांनी तो डबा हातावर तोलून पाहिला. "हलका हाय."

"नवीन टेक्नॉलॉजी हाय, काका."

शुक्रवारी संध्याकाळी चारही वस्तू बसवल्या. कॉम्प्युटर कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत उघडला. खेळ सुरू झाला आणि चित्र पाण्यासारखे वाहू लागले. केतकी हसली. आठवड्यात पहिल्यांदाच. बरोबर चार मिनिटांनी पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा लावला; चार मिनिटे दोन सेकंद. मी वही काढली. सात वेळा लावला, सातही वेळा चार मिनिटांच्या आसपास जीव सोडला.

"कार्ड मागतंय तेवढी वीज ह्या डब्याला देता येत नाही," केतकी म्हणाली.

"म्हणलं व्हतं, लाइटीचं बघा," आप्पा म्हणाले.

"बघितलं की, आप्पा."

"थोडं बघितलं."

शनिवारी सकाळी आप्पांनी उपाय सुचवला. गावाकडे शेजाऱ्यांच्या मोटारी बंद असल्या की त्यांची मोटार जोरात चालते. तेव्हा घरातले सगळे बंद करावे, म्हणजे सगळा करंट कॉम्प्युटरला मिळेल. दोष घरात नाही, डब्यात आहे, असे केतकीने दोनदा समजावले आणि मग ती गच्चीवर निघून गेली. त्यामुळे एकमत शक्य झाले.

अर्ध्या तासात चार चाचण्या झाल्या. सर्वोत्तम कामगिरी चार मिनिटे अकरा सेकंद.

"वाढलं की," आप्पा म्हणाले. त्यांच्या टोपीतून घाम गळत होता. दही आंबले होते. सुरेखा वहीने वारा घेत होती (माझ्या नोंदींच्या वहीने).

तेवढ्यात केतकी दारात येऊन उभी राहिली. आवाज न चढवता तिने विचारले, "उद्या अकराला आहे. माझं नाव काढून घ्यायला सांगू का?"

सुरेखाने वही ठेवली आणि फोन उचलला. "मी दाजींना लावते."

"नको," मी म्हणालो.

दाजी म्हणजे सुरेखाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू सुधाकरराव. लातूरला त्यांचे फ्लेक्स छपाईचे दुकान आहे. चाळीस फुटी शुभेच्छा तयार करायला त्यांना दणकट कॉम्प्युटर लागतो, आणि तो ते स्वतः जुळवतात. आमच्या सगळ्या नात्यागोत्यात या विषयातले ते एकमेव जाणकार आहेत. ही माहिती माझ्याकडे सोमवारपासून, खरे तर अकरा वर्षांपासून होती. तरीही मी त्यांना विचारले नव्हते. साडूला सल्ला विचारण्याइतकी वेळ आपल्यावर आलेली नाही, असे माझे मत होते.

फोन स्पीकरवर होता. "सप्लाय हातात धरून बघितला का?" सुधाकररावांनी सगळे ऐकून विचारले. "वजनाला कसा हाय?"

"हलका," आप्पा म्हणाले.

"मग चार मिनिटं लई झाली. कार्ड आन सप्लाय एकमेकाला बघून घ्यायचे असतात. बाकीचं पुढल्या वर्षी घेतलं तरी बिघडत न्हाई. चार चार वस्तू घ्यायचं कुणी ठरवलं?"

"बैठकीत ठरलं," मी म्हणालो.

"तरीच. पोरीला घेऊन या. गेम मी आजच उतरवून ठेवतो."

रविवारी सहाला निघून साडेनऊला आम्ही लातुरात पोचलो. दुकानातल्या पडद्यावर एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अर्धवट तयार होता. नेत्याचे हात जोडलेले होते, डोके बसवायचे बाकी होते. सुधाकररावांनी तो बाजूला सारला आणि केतकीला खुर्ची दिली. साडेदहाला तीन कार्यकर्ते आले.

"झाला का साहेबांचा फ्लेक्स?"

"साहेब थांबतील. इथला साहेब म्याच हाय."

कार्यकर्ते फ्लेक्सच्या गुंडाळ्यांवर बसले. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते उठून केतकीच्या मागे उभे राहिले.

"ताई, डावीकडं भिंतीआड हाय बघा एक."

"दादा, दिसतोय मला. बोलू नका."

"हाव."

थोड्या वेळाने त्यांच्यातल्या एकाला फोन आला. "साहेब, अर्धा तास लागल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "इकडं लई मोठा विषय चालू हाय."

माझ्यावर प्लगजवळ बसण्याची जबाबदारी होती. त्याला कोणाचा पाय लागू नये म्हणून. ती मी बावन्न मिनिटे पार पाडली.

बारा वाजून वीस मिनिटांनी संघाच्या कर्णधाराचा फोन आला. पाचवी जागा केतकीला मिळाली. नेत्याचे डोके दोन वाजता बसले.

बुधवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी केतकीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. शुभेच्छुकांमध्ये सुधाकरराव, सुरेखा, आप्पा, तिन्ही कार्यकर्ते आणि आम्हाला चार वस्तू विकणारा दुकानदार यांचे फोटो आहेत. माझा नाही. लातूरला विचारणा केली असता, जागा संपली, असे सांगण्यात आले. फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्यात दीड फूट बाय दोन फूट जागा रिकामी आहे. शिडीवर चढून ती मी मोजली आहे.