झाकलेली तिचाकी

परदेशात जाऊन माणसे काय पाहतात, या प्रश्नाला तिच्या घरी एकच उत्तर होते: जुन्या गाड्या. नवऱ्याचे चष्म्याचे दुकान होते. आणि दुर्मीळ जुन्या गाड्या हुडकत हिंडणाऱ्यांच्या एका मंडळाचा तो म्होरक्या होता. मंडळाचा दंडक त्यानेच घालून दिलेला. गाडी रस्त्यावर उभी दिसली पाहिजे, आणि झाकलेली असेल तर मालक कापड काढेपर्यंत तिला हात लावायचा नाही. हात लावला की गाडी मंडळाच्या यादीतून बाद. या दंडकाने आजवर किती गाड्या वाचल्या, याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. एक माणूस मात्र निःसंशय बाद झाला होता: तिचा धाकटा भाऊ.

अशाच एका सहलीत भावाने काढलेल्या फोटोत गाडीवरचे कापड अर्धे उलटलेले दिसले. "वाऱ्यानं उडालं," भाऊ म्हणाला. "वाऱ्याला गाठी सोडता येत नाहीत," नवऱ्याने भर बैठकीत सुनावले, आणि सगळे हसले. त्यानंतर भावाने या घराचा उंबरा ओलांडला नाही. बहिणीचा फोनही तो उचलत नसे. ती पडदे शिवून देण्याचा व्यवसाय करी. शिलाई मशीनशेजारी फोन ठेवून बसे, आणि तो वाजला की दर वेळी कोणीतरी गिऱ्हाईकच निघे.

त्या दुपारी, परक्या गावातल्या एका उतरत्या गल्लीत, नवरा थबकला. करड्या कापडाखाली अंड्यासारखा फुगवटा होता. मागे, कापडाच्या काठाखाली, एकच चाक.

"तीच!" तो पुटपुटला. "दार तोंडाशी असलेली. तिचाकी. हिच्यापायी उभा जन्म गेला माझा."

"त्याचाही," ती म्हणाली.

"त्याचं नाव काढू नकोस इथं."

समोरच्या दाराची घंटा त्याने पुन्हा पुन्हा वाजवली. आत कोणी नव्हते. मग कॅमेरा गळ्यात अडकवून तो पायरीवर ठाण मांडून बसला. पायरीवर सावली एकापुरतीच होती.

"अहो, निदान पाणी तरी पिऊन येऊ."

"थांब जरा. नुसतं उभं राहायचंय तुला, तेही जड होतंय?"

"या गाडीला निदान उन्हात कापड तरी आहे."

"धीर नावाची चीजच नाही तुमच्या माहेरी. तो हात घालणारा, तू तोंड घालणारी."

तिने पिशवी खाली ठेवली. पडद्यांच्या दोऱ्या ओवण्यात झिजलेल्या तिच्या बोटांना त्या गाठी म्हणजे किस झाड की पत्ती. तो उठून उभा राहीपर्यंत कापड सर्रकन मागे आले.

फिकट पिवळी, कुठे ओरखडा नाही, आणि तोंडावर कपाटासारखे एक दार. भांडण विसरून दोघेही क्षणभर पाहत राहिले.

"काय केलंस हे!"

"मी कुठं? वारा."

"वाऱ्याला..." तो अडला.

"म्हणा ना. तुमचंच वाक्य आहे." ती वळली. "काढा फोटो. बैठकीत दाखवा. कापड कुणी काढलं तेही सांगा, आणि त्याला परत घ्या. ही गाडी चालते, तर तोही चालतो."

त्याने कॅमेरा उचलला. फोटो काढायचा म्हणजे मेहुण्याला समोरच्या खुर्चीत बसवायचे. त्याने कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपण दाबून बसवले.

"बाद," तो म्हणाला. "ही गाडी बाद."

"तुम्हाला बाद. मला कुठला दंडक?"

तिने मोबाइलवर फोटो काढला, एक शब्दही न लिहिता भावाला पाठवला, आणि कापड ओढून गाठी होत्या तशा, जरा जास्तच आवळून, बांधून टाकल्या. शेवटची गाठ बसते न बसते तोच फोन वाजला. गिऱ्हाईक नव्हते.

"ताई! कुठं दिसली ही? आणि कापड कुणी काढलं?"

"मी. दोन्ही हातांनी."

पलीकडे भाऊ खो खो हसला. ते हसणे कसे होते, हेही ती विसरत चालली होती.

"मागं चाक एक की दोन? नीट सांग. खरी तिचाकी सहसा दिसत नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिले. "एकूण चार असावीत बहुतेक," ती शांतपणे म्हणाली.

"तीन!" नवरा किंचाळला. "तीन आहेत, तीन! सांग त्याला!"

"कोण गं ओरडतंय?"

"कोणी नाही रे," उताराला लागत ती म्हणाली. "गल्लीतला कोणीतरी माणूस आहे. तू बोल."